कार्यक्षमतेची मोजपट्टी आणि ठेवीदाराचा विश्वास : मुंबई उपनगरांतील नागरी सहकारी बँकांच्या संदर्भात एक चिकित्सा

१. प्रास्ताविक

१९९१ नंतरच्या आर्थिक सुधारणांच्या पर्वात ‘कार्यक्षमता’ हा शब्द भारतीय वित्तक्षेत्राच्या अभ्यासात मध्यवर्ती ठरला. नरसिंहम समितीच्या १९९१ व १९९८ च्या अहवालांनी बँकांच्या कारभाराकडे नफा, भांडवल पर्याप्तता आणि अनुत्पादक कर्जांचे प्रमाण यांच्या चष्म्यातून पाहण्याची सवय लावली. १९९९ च्या विमा नियामक व विकास प्राधिकरण कायद्याने विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले आणि तेथेही तुलनेची गरज निर्माण झाली. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांतील एम.फिल. आणि पीएच.डी. प्रबंधांतून हा विषय गेली अनेक वर्षे सातत्याने हाताळला जात आहे. अशा अभ्यासांचा साचा आता रूढ झालेला आहे. काही बँका निवडायच्या, दहा वर्षांचे ताळेबंद गोळा करायचे, संगणकीय प्रणालीच्या साहाय्याने गुणांक काढायचे आणि अखेरीस क्रमवारी लावायची.

या साच्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु विकसनशील अर्थव्यवस्थेत ही मोजपट्टी वापरताना तीन प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. बँकेचे ‘उत्पादन’ नेमके कोणते मानावयाचे? मोजमापासाठी घेतलेले आकडे खरे आहेत हे कोणी पाहिले? आणि कार्यक्षमता कोणाच्या दृष्टीने, भागधारकाच्या, नियामकाच्या की ठेवीदाराच्या? मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नांना पुस्तकी चर्चेपलीकडचे महत्त्व आहे. भांडुप येथे मुख्यालय असलेली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक २०१९ मध्ये आणि उपनगरांत शाखा असलेली न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक २०२५ मध्ये निर्बंधांखाली आली. या दोन घटनांच्या आधारे रूढ मोजमापपद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. मोजपट्टीचा विकास

कार्यक्षमतेच्या आधुनिक मोजमापाचा पाया एम. जे. फॅरेल यांनी १९५७ मध्ये घातला. उपलब्ध आदानांतून जास्तीत जास्त किती उत्पाद मिळू शकतो, हे प्रत्यक्ष व्यवहारातील सर्वोत्तम संस्थांवरून ठरवावे आणि इतर संस्था त्या सीमारेषेपासून किती दूर आहेत ते मोजावे, ही त्यांची मूळ कल्पना होय. चार्न्स, कूपर आणि रोड्स यांनी १९७८ मध्ये तिला रेषीय आयोजनाचे गणिती रूप दिले. ‘डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस’ अथवा डीईए या नावाने ही पद्धत ओळखली जाते. बँकर, चार्न्स आणि कूपर यांनी १९८४ मध्ये तिच्यात प्रमाणानुसार बदलणाऱ्या प्रत्यायाची सोय केली, तर शेर्मन आणि गोल्ड यांनी १९८५ मध्ये बँकेच्या शाखांना ही पद्धत लावून दाखविली. बर्गर आणि हम्फ्री यांनी १९९७ मध्ये घेतलेल्या आढाव्यात २१ देशांतील १३० अभ्यासांची नोंद आहे. या अभ्यासांचा मोठा भाग विकसित देशांतील, विशेषतः अमेरिकेतील संस्थांविषयीचा होता, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

डीईएचे आकर्षण समजण्यासारखे आहे. या पद्धतीत उत्पादनफलनाचे रूप आधी गृहीत धरावे लागत नाही. अनेक आदाने व अनेक उत्पाद एकाच वेळी विचारात घेता येतात. प्रत्येक बँकेला शून्य ते एक यांदरम्यान एक गुणांक मिळतो. मात्र हा गुणांक सापेक्ष असतो, हे वारंवार विसरले जाते. ‘१’ गुणांक मिळविणारी बँक उत्तम असतेच असे नाही. निवडलेल्या बँकांच्या गटात तिच्या पुढे कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. बँकांची संख्या थोडी आणि चलांची संख्या जास्त असेल तर बहुतेक बँका सीमारेषेवर जाऊन बसतात आणि क्रमवारी निरर्थक होते. ‘अभ्यासलेल्या बारा बँकांपैकी नऊ बँका पूर्ण कार्यक्षम आढळल्या’ अशा धर्तीचा निष्कर्ष समोर आला की तो बँकांविषयी काही सांगतो की नमुन्याच्या आकाराविषयी, हे आधी तपासावे लागते.

३. बँकेचे उत्पादन कोणते?

कापडगिरणीचे उत्पादन वारांत मोजता येते. बँकेबाबत ही सोय नाही. ठेव हे आदान की उत्पाद, हा या अभ्यासशाखेतील जुना वाद आहे. सीली आणि लिंडली यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या मध्यस्थी दृष्टिकोनानुसार बँक ठेवी, श्रम आणि भांडवल वापरून कर्जे व गुंतवणुकी ‘निर्माण’ करते. म्हणजे ठेव हा कच्चा माल ठरतो. उत्पादन दृष्टिकोनानुसार ठेवीदाराला दिलेली सेवा हीच बँकेची निर्मिती असते. त्यामुळे ठेव खात्यांची संख्या उत्पादाच्या बाजूला जाते.

निवड बदलली की निष्कर्ष बदलतो. भट्टाचार्य, लव्हेल आणि सहाय यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८६ ते १९९१ या काळातील ७० भारतीय व्यापारी बँकांचा विचार केला होता. त्यात सार्वजनिक क्षेत्रातील बँका सर्वांत कार्यक्षम आढळल्या. राष्ट्रीयीकरणानंतर शाखाविस्तार आणि ठेवसंकलन हे ज्यांचे घोषित उद्दिष्ट होते, त्या बँकांची ठेव उत्पादात धरली गेली, हे या निष्कर्षाचे एक महत्त्वाचे अंग आहे. हाच काळ आणि हेच ताळेबंद घेऊन नफा हा एकच उत्पाद मानला असता, तर चित्र वेगळे दिसण्याचा संभव होता. यांपैकी एक चित्र खरे व दुसरे खोटे असे म्हणता येत नाही. चलांची निवड ही उद्दिष्टांची निवड असते आणि ती तांत्रिक परिशिष्टात दडवून न ठेवता युक्तिवादासह मांडली पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

नागरी सहकारी बँकांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक तीव्र होतो. मुंबईतील या बँकांचा उगम ज्ञातीसंस्था, कामगार वस्त्या आणि स्थलांतरितांच्या मंडळांतून झाला. शामराव विठ्ठल बँक १९०६ ची, सारस्वत बँक १९१८ ची. सांताक्रूझच्या वाकोल्यापासून अंधेरी, गोरेगावपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत या बँकांच्या शाखा पसरल्या, त्या उपनगरांची वस्ती वाढत गेली तशा. गिरणी कामगार, टॅक्सीचालक, उपाहारगृहांतील कर्मचारी, किरकोळ दुकानदार, निवृत्तिवेतनधारक आणि गृहनिर्माण संस्था हा त्यांचा ठेवीदारवर्ग. लहान रकमेची असंख्य खाती सांभाळणे खर्चिक असते. पासबुक भरून देणे, सह्या जुळविणे, ज्येष्ठ नागरिकाला अर्ज समजावून सांगणे यांत कर्मचाऱ्यांचा वेळ जातो. प्रति कर्मचारी व्यवसाय या परिमाणावर असा वेळ अकार्यक्षमता म्हणून नोंदला जातो. उलट, शंभर कोटींचे एकच कर्ज एका बिल्डरला देणारी बँक त्याच परिमाणावर तत्पर ठरते, कारण एका फाईलवर शंभर कोटींचा व्यवसाय उभा राहतो. मोजपट्टी ज्या वर्तनाला गुण देते, त्या वर्तनाकडे व्यवस्थापन झुकते. सहकारी बँकेला केंद्रित कर्जांकडे ढकलणारी शक्ती अशा रीतीने मोजमापातच दडलेली असू शकते.

४. भांडुपचे उदाहरण

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची स्थापना १९८४ ची. ३१ मार्च २०१९ रोजी तिच्या ठेवी ११,६१७ कोटी रुपये आणि कर्जे ८,३८३ कोटी रुपये होती. सहा राज्यांत मिळून १३७ शाखा होत्या. त्या वर्षीचा निव्वळ नफा ९९.६९ कोटी रुपये, भांडवल पर्याप्तता १२.६२ टक्के, ढोबळ अनुत्पादक कर्जे ३.७६ टक्के आणि निव्वळ अनुत्पादक कर्जे २.१९ टक्के दाखविण्यात आली होती.

हे आकडे रूढ पद्धतीने तपासून पाहता येतील. कर्ज-ठेव प्रमाण सुमारे ७२ टक्के येते, म्हणजे संकलित निधी पडून नाही आणि अतिरेकी कर्जवाटपही नाही. प्रति शाखा ठेव सुमारे ८५ कोटी आणि प्रति शाखा नफा सुमारे ७३ लाख रुपये. भांडवल पर्याप्तता त्या वेळी आवश्यक असलेल्या ९ टक्क्यांच्या बरीच वर. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये सुधारलेल्या पर्यवेक्षी कृती आराखड्यात निव्वळ अनुत्पादक कर्जे ६ टक्क्यांहून अधिक झाल्यास कारवाईची तरतूद होती. भांडुपच्या बँकेचे दाखविलेले प्रमाण या नंतरच्या निकषाच्याही निम्म्याहून कमी होते. मार्च २०१९ चे आकडे घेऊन नागरी सहकारी बँकांची डीईए क्रमवारी कोणी लावली असती, तर ही बँक वरच्या फळीत बसली असती असे म्हणण्यास जागा आहे.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले. प्रारंभी प्रत्येक ठेवीदाराला १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ती २६ सप्टेंबरला १०,००० रुपये, ३ ऑक्टोबरला २५,००० रुपये, १४ ऑक्टोबरला ४०,००० रुपये, ५ नोव्हेंबरला ५०,००० रुपये आणि जून २०२० मध्ये एक लाख रुपये करण्यात आली. तपासात पुढे आलेल्या माहितीनुसार एचडीआयएल या बांधकाम समूहाशी संबंधित सुमारे ६,५०० कोटी रुपयांची कर्जे, म्हणजे एकूण कर्जांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश, नियामकापासून लपविली गेली होती. ती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खात्यांचा आधार घेतला गेल्याचे सांगण्यात आले. त्या काळी एका कर्जदार समूहाला बँकेच्या भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याची मर्यादा होती. लपविलेली कर्जे वगळली तर ११,६१७ कोटींच्या ठेवींसमोर इतर कर्जदारांना दिलेली कर्जे सुमारे १,९०० कोटी रुपयांचीच उरतात. ठेवींशी त्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्के पडते. ७२ टक्क्यांचे निरोगी दिसणारे प्रमाण कशावर उभे होते, ते यावरून ध्यानात यावे.

२५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. निर्बंधांपासून विलीनीकरणापर्यंत ८५५ दिवस गेले. बँकेचे नऊ लाखांहून अधिक ठेवीदार होते. ज्यांची ठेव पाच लाखांच्या विमा-मर्यादेपलीकडे होती, त्यांच्या वाट्याला टप्प्याटप्प्याने, कमाल दहा वर्षांपर्यंत लांबणारी परतफेड आली. रूढ कार्यक्षमता-मापनात या ८५५ दिवसांसाठी रकाना नाही. ठेवीदाराचे लग्नकार्य, शिक्षण, शस्त्रक्रिया, गृहनिर्माण संस्थेची दुरुस्ती ज्या काळात खोळंबली, तो काळ आदानांत येत नाही आणि उत्पादांतही येत नाही.

५. सीमारेषेचा दोष

फसवणूक झाली तर तो लेखापरीक्षणाचा दोष आहे, मोजमापपद्धतीचा नव्हे, असे म्हटले जाईल. हा युक्तिवाद अंशतः बरोबर आहे. परंतु सीमारेषेवर आधारलेल्या पद्धतीत एका बँकेचे खोटे आकडे त्या बँकेपुरते मर्यादित राहत नाहीत. ते इतरांचेही गुणांक बिघडवितात. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल.

क, ख आणि ग या तीन बँकांचा प्रत्येकी परिचालन खर्च १० कोटी रुपये आहे असे मानू. ‘क’ बँकेची कर्जे ५०० कोटी, ‘ख’ची ४०० कोटी आणि ‘ग’ची ८०० कोटी दाखविलेली आहेत. एक आदान व एक उत्पाद धरला तर ‘ग’ सीमारेषेवर जाते. तिचा गुणांक १.०० येतो. ‘क’चा ०.६३ आणि ‘ख’चा ०.५० येतो. अभ्यासक लिहील की ‘क’ व ‘ख’ यांनी ‘ग’चा आदर्श ठेवावा आणि तेवढ्याच खर्चात कर्जवाटप वाढवावे. आता ‘ग’च्या ८०० कोटींपैकी ५०० कोटी वसूल न होणारी, लपविलेली कर्जे आहेत असे उघडकीस आले असे समजू. खरा उत्पाद ३०० कोटींचा ठरतो. सीमारेषा ‘क’ बँकेवर येते आणि तिचा गुणांक १.०० होतो. ‘ख’ ०.८० वर आणि ‘ग’ ०.६० वर जाते. क्रमवारी उलटते. पहिल्या गणनेत सर्वांत अकार्यक्षम ठरलेली ‘ख’ बँक प्रत्यक्षात ‘ग’पेक्षा चांगली होती.

या उदाहरणातील धडा गंभीर आहे. संख्याशास्त्रीय सरासरीवर आधारलेल्या पद्धतीत एका खोट्या नोंदीचा परिणाम इतर नोंदींत काही अंशी विरून जातो. सीमारेषेच्या पद्धतीत मात्र टोकाची नोंदच मानदंड होते. ज्या व्यवस्थेत आकड्यांची पडताळणी दुबळी आहे, तेथे सर्वांत धाडसी खोटे बोलणारी संस्था आदर्श म्हणून पुढे येण्याचा धोका या पद्धतीत अंगभूत आहे. काही अभ्यासक अनुत्पादक कर्जांना ‘अनिष्ट उत्पाद’ मानून समीकरणात घेतात. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण भांडुपच्या बँकेत अनिष्ट उत्पादच लपविलेला होता. जे ताळेबंदात आलेलेच नाही, त्याला वजन कसे देणार?

६. तिजोरीतील रोकड

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचे उदाहरण काही अंशी याच्या विरुद्ध दिशेचे आहे. या बँकेचा जन्म १९६८ मध्ये कामगार चळवळीतून, बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने झाला. तिने २०२२-२३ मध्ये ३०.७५ कोटी आणि २०२३-२४ मध्ये २२.७८ कोटी रुपयांचा तोटा दाखविला होता. येथे गुणोत्तरांनी धोक्याची सूचना दिली होती, हे मान्य केले पाहिजे. मोजमाप सर्वस्वी निरुपयोगी नसते, याचा हा पुरावा होय.

तथापि १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आल्यानंतर जी बाब उघडकीस आली, ती तोट्याच्या आकड्यांत कोठेही दिसत नव्हती. प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांतून मिळून १२२ कोटी रुपयांची रोकड गायब असल्याची तक्रार पोलिसांकडे नोंदविण्यात आली. ताळेबंदात ‘हातातील रोकड’ ही सर्वांत निःशंक मालमत्ता मानली जाते. जोखीमभारित मालमत्तेत तिचे वजन शून्य असते. नोटा मोजून पाहण्यासाठी रेषीय आयोजनाची गरज पडत नाही. तिजोरी उघडून त्या मोजाव्या लागतात. गुणांकांच्या दोन दशांश स्थळांपर्यंतच्या अचूकतेखाली जर न मोजलेली तिजोरी असेल, तर ती अचूकता दिखाऊ ठरते.

या प्रकरणातील निवारण मात्र अधिक वेगाने झाले. सुरुवातीला रक्कम काढण्यास पूर्ण मनाई होती. २७ फेब्रुवारीपासून २५,००० रुपयांपर्यंत मुभा मिळाली आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी बँक सारस्वत बँकेत विलीन होऊन ठेवीदारांची जबाबदारी सारस्वत बँकेने स्वीकारली. निर्बंधांपासून विलीनीकरणापर्यंत १७२ दिवस गेले. भांडुपच्या ८५५ दिवसांशी याची तुलना केली तर एक वेगळेच परिमाण हाती येते. ठेवीदाराला स्वतःच्या पैशासाठी किती काळ तिष्ठावे लागले, हे मोजता येते आणि त्याची तुलनाही करता येते. वित्तव्यवस्थेच्या कार्यक्षमतेचे ते कदाचित सर्वांत प्रामाणिक माप आहे.

७. विमा संस्थांचे मोजमाप

बँकांविषयीची ही चर्चा विमा संस्थांकडे दोन वाटांनी जाते. पहिली वाट ठेव विम्याची. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक कोसळल्यानंतर १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ स्थापन झाले. प्रारंभी संरक्षणाची मर्यादा १,५०० रुपये होती. १ मे १९९३ पासून ती एक लाख रुपये होती आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली. सत्तावीस वर्षांत मर्यादा न बदलल्याने महागाईने तिचे मोल किती घटविले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल. भांडुपच्या घटनेनंतर काही महिन्यांतच ती पाचपट झाली, हे या संदर्भात बोलके आहे. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागू झाल्यापासून नव्वद दिवसांत विमा रक्कम देण्याची तरतूद झाली. तरीही एक उणीव राहते. साठ कुटुंबांच्या गृहनिर्माण संस्थेची ठेव ही विम्याच्या दृष्टीने एकाच ठेवीदाराची ठेव असते, म्हणून साठ घरांच्या दुरुस्ती निधीला मिळून पाच लाखांचेच संरक्षण मिळते.

हप्त्याचा प्रश्न याहून मूलगामी आहे. १९६२ पासून सर्व बँकांना एकाच सपाट दराने हप्ता आकारला गेला. एप्रिल २०२० पासून हा दर शंभर रुपयांमागे १२ पैसे झाला. सुस्थितीतील बँक आणि डबघाईला आलेली बँक यांना एकच दर लावणारा विमाकर्ता जोखीम मोजतच नाही, असे म्हणावे लागेल. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये २०२६-२७ पासूनची जोखीमाधारित हप्त्याची पद्धत जाहीर केली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहे. मात्र जोखीम ठरविताना बँकेने स्वतः कळविलेल्या प्रमाणांवरच भिस्त ठेवली, तर मार्च २०१९ मधील भांडुपच्या बँकेसारखी संस्था सवलतीच्या दराला पात्र ठरू शकेल. मोजपट्टी बदलली तरी मोजले जाणारे आकडे तेच राहिले, तर दोष कायम राहतो.

दुसरी वाट आयुर्विम्याची. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. टोन आणि साहू यांनी २००५ मध्ये महामंडळाच्या खर्च-कार्यक्षमतेचे डीईए पद्धतीने केलेले विश्लेषण या क्षेत्रातील उल्लेखनीय काम आहे. परंतु विमा कंपनीचे उत्पादन कोणते, हा प्रश्न बँकेपेक्षाही अवघड आहे. हप्ताउत्पन्न उत्पाद मानले, तर ग्राहकाच्या गळ्यात अयोग्य पॉलिसी मारणारी कंपनी कार्यक्षम ठरते. त्याच ग्राहकाने दोन वर्षांनी हप्ते थांबविले आणि पॉलिसी बंद पडली, तरी पहिल्या वर्षाच्या गुणांकावर ओरखडा उमटत नाही. दिलेले दावे उत्पाद मानले, तर साथीच्या वर्षी, केवळ मृत्यू वाढल्यामुळे, कंपनी अधिक उत्पादक दिसते. संख्येवर आधारलेले दावा-निवारण प्रमाण उंच असूनही मोठ्या रकमेचे दावे अडवून धरलेले असू शकतात. या सर्वांच्या तुलनेत पाच वर्षांनंतर, म्हणजे एकसष्टाव्या महिन्यात किती पॉलिसी चालू राहिल्या, हे सातत्य-प्रमाण विमेदाराच्या हिताच्या अधिक जवळ जाते. विमा हे दीर्घ मुदतीचे वचन आहे आणि त्याची कसोटीही दीर्घ मुदतीचीच हवी.

८. पर्यायी निकषांच्या दिशेने

वरील विवेचनावरून संख्यात्मक पद्धती टाकून द्याव्यात असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. गरज आहे ती त्यांच्या मर्यादा मान्य करून त्यांना पूरक निकष जोडण्याची. विकसनशील अर्थव्यवस्थेतील, विशेषतः सहकारी क्षेत्रातील वित्तसंस्थांच्या अभ्यासात पुढील बाबींचा समावेश उपयुक्त ठरेल.

पहिली बाब कर्जांच्या केंद्रीकरणाची. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जांचा किती हिस्सा आहे, हे अनुत्पादक कर्जांच्या प्रमाणाइतकेच ठळकपणे मांडले जावे. दुसरी बाब आकड्यांच्या विश्वासार्हतेची. लेखापरीक्षक किती वर्षे तेच आहेत, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत आढळलेली तफावत किती होती, रोकड व तारण यांची प्रत्यक्ष मोजणी केव्हा झाली, या माहितीविना काढलेला गुणांक ‘अपरीक्षित’ म्हणून नोंदवावा. तिसरी बाब लहान ठेवीदाराच्या सेवेची. खात्यांची संख्या आणि सरासरी ठेवीचा आकार हे उत्पादाच्या बाजूला आल्यास लहान खाती सांभाळणाऱ्या बँकेवरील अन्याय कमी होईल. चौथी बाब प्रतीक्षाकाळाची. निर्बंधांखालील बँकांच्या अभ्यासात ठेवीदारांच्या प्रतीक्षेचे दिवस हा सामाजिक खर्च म्हणून धरावा. असा खर्च बँकेच्या माथी मारावा की नियामकाच्या, याबद्दल मतभेद संभवतात. पण तो कोणाच्याच हिशेबात नसावा, हे समर्थनीय नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. यांतील बरीच माहिती संशोधकाला सहज उपलब्ध होत नाही. तपासणी अहवाल गोपनीय असतात आणि लहान बँकांचे वार्षिक अहवाल त्रोटक असतात. परंतु उपलब्ध आहे तेच मोजायचे आणि जे मोजले तेच महत्त्वाचे मानायचे, ही सवय संशोधनाला घातक आहे. उपनगरांतील महाविद्यालयांना या बाबतीत एक सोय आहे. बँकेच्या शाखा, त्यांचे सभासद आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी त्यांच्या परिसरातच आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभांना सभासद किती उपस्थित राहतात, ताळेबंदावर प्रश्न विचारले जातात काय, संचालक मंडळाची निवडणूक लढविली जाते की बिनविरोध होते, ही माहिती क्षेत्रीय अभ्यासातून मिळविता येते. सहकारी बँकेच्या प्रकृतीविषयी ती पुष्कळ काही सांगून जाते.

९. समारोप

मार्च २००४ च्या अखेरीस भारतात १,९२६ नागरी सहकारी बँका होत्या. मार्च २०२४ पर्यंत ही संख्या १,४७२ वर आली. २०२० च्या बँकिंग नियमन दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले, २०२२ मध्ये ठेवींच्या आकारानुसार या बँकांचे चार स्तर करण्यात आले आणि एप्रिल २०२५ पासून त्यांना तत्काळ सुधारात्मक कारवाईचा आराखडा लागू झाला. नियमनाची चौकट घट्ट होत आहे. परंतु या चौकटीतील बहुतेक निकष अद्यापही बँकेने कळविलेल्या प्रमाणांवर उभे आहेत.

बँक आणि विमा या दोन्ही व्यवसायांचे मूळ भांडवल विश्वास हे आहे. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या शाखेत मुदत ठेव ठेवणारा निवृत्त कर्मचारी सीमारेषा काढून बँक निवडत नाही. पाटी, ओळखीचा कर्मचारी आणि वर्षानुवर्षे वेळेवर जमा होणारे व्याज यांवर तो विसंबतो. त्याच्या वतीने शंका घेणे हे नियामकाचे, लेखापरीक्षकाचे आणि संशोधकाचेही काम आहे. कार्यक्षमतेचा गुणांक त्या शंकेच्या जागी बसला, तर तो उपकारक ठरण्याऐवजी अपायकारक होतो. तीच शंका अधिक नेमकी करून विचारू लागला, तर त्याचे सार्थक होते. भांडुप आणि गोरेगावच्या अनुभवानंतर या विषयावर लिहिला जाणारा प्रत्येक प्रबंध या कसोटीला उतरला पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.